चिंचेखालचा चौथा भाग

प्रागितिहासाच्या अभ्यासात माझ्या नावावर एक सिद्धांत जमा आहे. तो चुकीचा आहे. तरीही तो बरीच वर्षे शिकवला गेला, आणि शिकवणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो.

नागपूरभोवतीच्या माळांवर मोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. लोखंड वापरणाऱ्या प्राचीन लोकांनी ती आपल्या मृतांसाठी रचली. साठच्या दशकाच्या अखेरीस हिंगण्यापलीकडचे असे एक वर्तुळ मी खणले. आमच्या पद्धतीप्रमाणे वर्तुळाचे चार भाग पाडायचे आणि एकेक भाग खाली उतरवत न्यायचा. तीन भागांत कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, रिकामी मडकी निघाली. धान्याचा दाणा निघाला नाही. त्यावरून मी ठरवले की हे लोक शेती करीत नव्हते, गुरे घेऊन फिरत होते.

चौथ्या भागात चिंच होती. मार्च महिना होता. आम्ही डबे त्या चिंचेखाली उघडत असू, आणि जेवायची जागा खणून काढावी इतकी ज्ञानलालसा माझ्यात नव्हती. अहवालात मात्र मी लिहिले : ‘मुळांमुळे थर विस्कटले असल्याने हा भाग उत्खननास अयोग्य.’ वाक्य भारदस्त होते. ते इतरांना इतके पटले, की आमच्या भागात झाडाखालची जमीन सोडून देण्याची रीतच पडली. याला मी विद्वत्तेचा प्रभाव म्हणत असे.

दहा-बारा वर्षांनी एक विद्यार्थिनी माझ्याकडे पीएच.डी.साठी आली. काटोलकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तोवर चिंच वठली होती आणि जमीनमालकाने ती तोडून नेली होती. तिने चौथा भाग मागितला.

“खुशाल खणा,” मी म्हणालो. “काही निघायचे नाही.”

काही दिवसांनी ती धरमपेठेत घरी आली. बसलीसुद्धा नाही.

“मडकी निघाली, सर. धान्यानं भरलेली. जळालेलं हाये, पण धान्यच हाये.”

“नेमकी कुठे?”

“तुमी जेवत होते नं, थेट त्याच्या खाली. त्याहीचंबी जेवण तिथंच होतं.”

स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला, “म्हणजे माझ्या डब्यानं यांचं शास्त्र बुडवलं म्हणा!”

अशा रीतीने माझ्या सिद्धांताविरुद्धचा प्रबंध माझ्याच मार्गदर्शनाखाली लिहिला गेला. मी तो आशेने तपासला. शुद्धलेखनाच्या चुकाही फारशा सापडल्या नाहीत.

मौखिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. माझे जुने स्नेही. माझी बाजू राखणे हे ते कर्तव्य समजत. त्यांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

“धान्य नंतरचं असणार. मुळांच्या पोकळीतून खाली गेलं. थर विस्कटलेत, हे तुमच्या सरांनीच लिहून ठेवलंय. प्रबंध परत न्या.”

तिने थरांच्या आकृत्या पुढे केल्या. मुळे वरच्या वरच पसरलेली होती. मडक्यांवरचा थर अखंड होता.

“आकृती छान आहे,” परीक्षक म्हणाले. “पण सरांनी त्या वेळी प्रत्यक्ष पाहिलं होतं.”

तिची पदवी माझ्या एका भारदस्त वाक्यावर अडली होती. इतका वेळ जपलेली पुस्तकी भाषा तिने सोडली.

“सर मुळं काहून पाहतीन? सर सावली पाहत होते. अन् तुमीबी आले होते तवा, उत्खननाच्या वहीत नाव हाये तुमचं. त्याच चिंचेखाली जेवले.”

परीक्षक माझ्याकडे वळले. मी नुसता गप्प बसलो असतो तरी सिद्धांत वाचला असता.

“भरली वांगी होती,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

“आठवतात,” ते म्हणाले. “मी मागून घेतली होती.” आणि प्रबंध पुन्हा पुढे ओढून त्यांनी पेनाचे टोपण काढले.

तिच्या पुस्तकात आज मी एका तळटीपेत आहे : ‘आता त्याज्य ठरलेले मत.’ तळटीप अचूक आहे.

निवृत्तीनंतर एकदा तिचे उत्खनन पाहायला गेलो. दुपारी जेवणाची सुट्टी झाली. मी सवयीने डबा घेऊन वर्तुळातल्या पळसाकडे निघालो.

“सर, तिथं नाही,” ती मागून म्हणाली.

तिची सगळी मंडळी वर्तुळाबाहेर, उघड्या माळावर डबे उघडून बसली होती. मीही उन्हात जेवलो.