मेथीच्या वाफ्यातली जागा

मेथी निवडायला घेतली की त्या कडवट वासानं मी अंथुर्ण्याजवळच्या आमच्या सेमिनरीत जाऊन पोचतो. नव्वदच्या दशकात पाद्री व्हायला आलेले आम्ही तिथं एका पंगतीत जेवायचो आणि संडास धुण्यापासून भाजीचे वाफे खुरपण्यापर्यंत सगळं आळीपाळीनं करायचो.

एका दुपारी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई मेलेलं तान्हं बाळ पदरात घेऊन दारात उभी राहिली. परक्या टोळीला गावानं मसणवटीत जागा दिली नव्हती. आमच्या प्राचार्यांनी कुदळ उचलली. मऊ जमीन फक्त वाफ्याची होती. आम्ही कोवळी मेथी उपटली आणि खड्डा खणला.

माती लोटल्यावर बाईनं विचारलं, “हितनं तरी कुणी उठवणार न्हाय न्हवं त्याला?”

“नाही बाई,” प्राचार्य म्हणाले, “ही जागा आपल्या सगळ्यांची आहे.”

संध्याकाळी तीच मेथी शिजली, कारण अन्न टाकायचं नाही हा आमचा नियम होता. सगळ्यांनी ताटातली मेथी संपवली.

गेल्या वर्षी सेमिनरी चालवणाऱ्या संस्थेनं ती जमीन विकली. तिथं आता मंगल कार्यालय आहे. वाफ्याच्या जागेवर फरशी घातलीय आणि तिच्यावर लग्नाच्या पंगती उठतात.