उसन्या कोटांचं कपाट

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी दाट धुकं. कामवाली उशिरा आली, त्यामुळे कपडे दुपारपर्यंत ओलेच. चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली. भाऊजींबरोबर एजन्सीत जाऊन आले. भाऊजी जेवले नाहीत.

दुपारी रोजनिशीत एवढं लिहिलं आणि वही मिटली. पण आज एवढ्यावर भागत नाही, म्हणून आता रात्री हे वेगळ्या कागदांवर लिहीत बसले आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जहाजावर काढली. मालवाहू नव्हे, हौशी प्रवाशांचं जहाज. आत दुकानं, पोहण्याचे तलाव, नाटकगृह. भाऊजी तिथे भांडी घासायला लागले, मग वाढपी झाले, आणि शेवटची बरीच वर्षं एका दारात उभे राहिले. त्यांची बायको दुसऱ्या की तिसऱ्या सफरीच्या वेळी माहेरी गेली ती परत आलीच नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, मीही विचारत नाही. सफर संपली की सुट्टीपुरते आमच्याकडे यायचे, मागच्या खोलीत बॅग न उघडता राहायचे आणि बोलावणं आलं की जायचे. यजमान गेल्यावरही तो परिपाठ तसाच चालू राहिला.

त्या दाराचं सांगायला हवं. जहाजावर मोठ्या हॉलमधलं जेवण तिकिटातच असतं. पण एक छोटं, खास रेस्टॉरंट असतं. तिथे वेगळे पैसे भरून टेबल आधी राखून ठेवावं लागतं. दिवे मंद, नॅपकिन कडक, आणि पोशाखाचा नियम. पुरुषांना पूर्ण पँट, कॉलरचा शर्ट, पावलं झाकणारे बूट. समारंभाच्या रात्री कोट. हाफ पँट, टोपी, चपला बाद. दिवसभर उघड्या अंगाने तलावाकाठी लोळलेल्या माणसाला हे दारात सांगायचं, आणि तरीही त्याचा मूड जाऊ द्यायचा नाही, हे भाऊजींचं काम.

"आणि बायकांना?" मी एकदा विचारलं होतं.

"बायकांसाठी नुसतं 'शोभेल असा पोशाख' लिहिलं होतं, वहिनी. कुणाला काय शोभतं ते मी सांगायला गेलो असतो, तर बंदर यायच्या आधीच मला उतरवलं असतं."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फाटकात पट्टी घेऊन उभ्या असायच्या. मुलींना गुडघ्यांवर बसवून स्कर्ट जमिनीला टेकतो का ते बघायच्या. हे ऐकून भाऊजींनी मान हलवली. "पट्टी दिसली की माणूस बिथरलाच. दारात आलेल्याला आधी 'या' म्हणायचं. मग हळूच बाजूला घ्यायचं, त्याच्या बायकोची पाठ असेल तेव्हा. आणि विचारायचं, साहेब, आपल्यासाठी एखादा कोट आणू का? त्याला वाटतं, आपली बडदास्त चाललीये."

दारामागे त्यांचं कपाट होतं. त्यात उसने द्यायचे कोट, सगळे गडद निळे, सडपातळपासून अगडबंबपर्यंत. खांदे बघून ते माप ओळखायचे. जेवण झालं की कोट परत येत. कुणाच्या बाहीला रश्श्याचे डाग, कुणाच्या खिशात ब्रेडचा तुकडा. एकदा कवळी सापडली होती. "दोन दिवस कुणी मागायलाच आलं नाही," भाऊजी सांगायचे. "तोपर्यंत तो माणूस काय खात होता कोण जाणे."

बूट मात्र कंपनीने दिलेले नव्हते. प्रवासी केबिनमध्ये जोडे विसरून जात, ते भाऊजी मागून घेत, पॉलिश करून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवत. चपलेपायी कुणाचं जेवण चुकू नये, एवढाच हेतू. त्या फळीचा त्यांना कोटांपेक्षा जास्त अभिमान होता.

शेवटच्या सफरीत एक म्हातारं जोडपं आलं. लग्नाला पन्नास वर्षं झालेली, त्या वाढदिवसाच्याच रात्रीचं टेबल राखलेलं. म्हातारीने मोती घातले होते. म्हाताऱ्याच्या अंगावर स्वतःचा चांगला कोट, पण पायांत उघड्या सँडल, कारण पावलं सुजलेली. भाऊजींनी फळीवरचे सगळ्यात मऊ बूट काढले, गुडघे टेकून स्वतः त्यांच्या पायांत चढवले. "टोचतंय का?" म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, "मुळीच नाही." टोचणार कसं? साखरेच्या आजाराने त्याच्या बोटांना काही कळतच नव्हतं. ते त्याला ठाऊक होतं, भाऊजींना नव्हतं. जेवण लांबलं, केक कापला, म्हाताऱ्याने भाऊजींचा हात हातात घेऊन आभार मानले. पुढच्या आठवड्यात बुटाने झालेली जखम चिघळून त्याला मधल्याच बंदरावर उतरवावं लागलं. दोन बोटं कापली.

कंपनीने भाऊजींना विचारलं, कोट द्यायचं नियमात आहे, बूट द्यायचं कुठे आहे? कुठेच नव्हतं. त्यांनी त्या माणसाला दारातून परत पाठवलं असतं, तर कुणी त्यांना बोट लावलं नसतं. सफर संपली. "बोलावू," असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. हे सगळं त्यांनी मला गॅलरीत बसून, माझ्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवता शिवता सांगितलं. मान वर केली नाही. मी म्हटलं, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." ते म्हणाले, "वहिनी, त्याची बोटं काही तेवढ्याने परत येत नाहीत." पण परत जायची आस सुटली नव्हती. एकदा त्या दारात उभं राहायचं, एक सफर नीट पार पाडायची आणि मग निवृत्त व्हायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. बॅग अजून तशीच, कोट इस्त्री केलेला. फोन न्हाणीघरातही सोबत.

घरात त्यांच्या दारवानपणाचा कधी कधी त्रास व्हायचा. मागे एका रविवारी माझा लेक जेवायला आला, हाफ पँटमध्येच. भाऊजी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"काय काका, कोट आणताय का माझ्यासाठी?" लेक म्हणाला.

"तुझ्या मापाचा नाही आमच्याकडे. पोट बघ जरा."

हसलो सगळे. मग लेक म्हणाला, "खरंच सांगतो काका, आमच्या ऑफिसच्या गेटवर माणूस हवाय. तुमचा अर्धा जन्म दारातच गेलाय. बोलू का साहेबांशी?"

"तिथे काय करायचं असतं?"

"आल्यागेल्याचं नाव लिहायचं."

"आणि त्याचा अवतार कसा का असेना?"

"कसा का असेना."

"मग माझं काय काम तिथे," म्हणून भाऊजींनी पान पुढे ओढलं. लेकाने माझ्याकडे बघून खांदे उडवले. जाताना जिन्यात मला म्हणाला, "आई, कंपनीवाले काही बोलावणार नाहीत त्यांना. तू तरी सांग." मी सांगणार कोणत्या तोंडाने?

आज एजन्सीच्याच रस्त्यावर चष्म्याचं दुकान, म्हणून मी बरोबर गेले. भाऊजींनी तो इस्त्रीचा कोट चढवला होता. जहाजांसाठी माणसं भरणारी ही एजन्सी म्हणजे एक अरुंद खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर जहाजाचं मोठं छायाचित्र. टेबलामागचा एजंट माझ्या लेकापेक्षाही लहान असेल. मुलगा वाईट नाही, त्याने चहा मागवला.

"काका, आज काय एकदम नवरदेव?"

"कंपनीत माणसांची भरती चालू आहे म्हणे. दारासाठी कुणी लागत असेल तर मी तयार आहे."

"दार?" त्याने डोकं खाजवलं. "काका, दारात आता कुणी नसतं. त्यांनी नियमच काढून टाकलाय." त्याने फोन पुढे केला. त्यावर कंपनीची नवी जाहिरात. तेच मंद दिव्यांचं रेस्टॉरंट, आणि टेबलाशी हाफ पँट, चपला घातलेली हसरी माणसं. वर लिहिलेलं, जसे आहात तसे या.

भाऊजींनी चष्मा चढवून नीट वाचलं. "रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"समारंभाच्या रात्री?"

"ज्याला हौस असेल त्याने घालावा कोट."

"मग ते कपाट?"

"कसलं कपाट?" एजंटला काही कळलं नाही. चहाचा घोट घेत तो सहज म्हणाला, "अहो, एक भानगड झाली होती ना. कुणा शहाण्याने एका आजारी म्हाताऱ्याला दुसऱ्याचे बूट घालायला लावले. पाय कापावा लागला म्हणतात. प्रकरण कोर्टात गेलं. कंपनी म्हणाली, नकोच ती कटकट."

मी भाऊजींकडे बघितलं नाही. कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"बोटं," भाऊजी हळू म्हणाले. "पाय नाही. दोन बोटं."

"असेल, असेल. बरं काका, खाली धुलाईखान्यात जागा आहेत, पण पन्नाशीच्या आतला माणूस लागतो. तुमचं तर... मी कळवतो हं काही आलं तर."

"नका कळवू," भाऊजी म्हणाले. चहा मात्र त्यांनी पूर्ण प्यायला. उठताना खुर्ची जागेवर सरकवून ठेवली.

बाहेर मी रिक्षा बघू लागले, तर म्हणाले, चालू या. फुटपाथवर एक जण उघड्या चपलांनी शेंगा खात उभा होता. त्याला वळसा घालून पुढे गेल्यावर म्हणाले, "म्हणजे वहिनी, तो आता आला असता तर सँडल घालूनच आत गेला असता. केक कापून स्वतःच्या पायांनी केबिनमध्ये गेला असता."

"हो."

"नियम इतक्या सहज निघण्यासारखा होता, तर मग मी इतकी वर्षं तिथे काय राखत होतो?"

इतकी वर्षं त्यांनी माणसांना न दुखवता अडवलं, ही काही लहान गोष्ट नव्हे, असं म्हणावंसं वाटलं. पण ते खरं असलं तरी आता त्याचा त्यांना काय उपयोग, म्हणून त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत चालत राहिले.

घरी आल्यावर ते मागच्या खोलीत गेले. ताट झाकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. दिवेलागणीला मी डोकावले. बॅग पलंगावर उघडी होती. त्यातला एकेक शर्ट काढून ते भिंतीतल्या कपाटात रचत होते. घडी मोडली की परत घालत होते.

"वहिनी," माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आता इथेच राहिलो तर तुम्हाला अडचण होईल का?"

"इथेच तर राहताय."

"नाही, म्हणजे कायमचा."

"वरचा कप्पा पण रिकामा आहे," मी म्हटलं. "खालच्यात ओल येते."

त्यांनी मान हलवली आणि वरचा कप्पा फडक्याने पुसायला घेतला.

त्यानंतर रोजनिशी पुन्हा उघडून खाली एक ओळ लिहिली: दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून रोज अर्ध्याऐवजी एक लिटर.