गुलबक्षीचे सर

गुलबक्षीचे सर फुलांची लग्नं लावत. मुलुंडला आमच्या चाळीसमोरच्या वीतभर जागेत त्यांनी गुलबक्षी लावली होती. शाळेतून आले की कळ्या उमलायच्या आत तिथेच उकिडवे बसत. लाल झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने खुडत, पांढऱ्याचा पराग कुंचल्याने लावत आणि वर कागदाची पिशवी बांधत. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडे, "काय सर, आज कुणाची वरात?" सर मान न वळवता म्हणत, "पत्रिका पाठवतो ना!"

त्या बियांतून सगळी झाडं गुलाबी आली. मी म्हटलं, "सर, पांढरा संपला."

"संपत नाही गं, लपतो. नातवंडांत बघ."

पुढच्या पिढीत खरंच लाल, गुलाबी, पांढरी तिन्ही उगवली. सोळा झाडं मोजायचं काम माझं. नियमाप्रमाणे चार, आठ, चार यायला हवीत. निघाली पाच, आठ, तीन. मी वहीत नियमाप्रमाणे लिहून मोकळी झाले. सरांनी स्वतः मोजून वही परत केली. "जे दिसलं तेच लिही. झाड तुझ्या वहीला बांधील नाही." हा माणूस इतका खरा, की नकोशा पाहुण्यालाही 'घरी नाही' असं सांगवत नसे. काकू कपाळावर हात मारून घेत.

त्यांचा मुलगा विनू सात वर्षांचा. त्याला खरचटलं की रक्त थांबायचं नाही. काकूंचा धाकटा भाऊ लहानपणी असाच गेला होता. काही दोष आईत दिसत नाहीत पण तिच्याकडून मुलाला जातात, हे सरांनी मला एकदा वहीत आकृती काढून समजावलं होतं. कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

विनूचा दुधाचा दात पडला. तीन दिवस तो इस्पितळात होता. परत आला नाही.

पंधरा दिवसांनी आईने दिलेला डबा घेऊन मी गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "अहो, माझा भाऊ असाच गेला. विनूला हे माझ्याकडूनच आलं ना?"

"नाही," सर चटकन म्हणाले. "कुणाकडूनच नाही. होतं असं."

मी डबा धरून उभी राहिले. रडू आलं नाही, सरांचा रागही आला नाही. त्यानंतर सर गुलबक्षीपाशी बसले नाहीत. ती आपली उगवत राहिली, कुणी मोजली नाही.

पुढे मीही जीवशास्त्र शिकवू लागले. सर गेल्यावर काकूंना भेटायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "तू शिकलेली आहेस. खरं सांग, विनूला ते माझ्याकडून नव्हतं ना आलं?"

"नाही, काकू."

त्यांनी माझा हात सोडला.

"तेही अस्सेच चटकन म्हणाले होते," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.