राहिलेली चढाई

रविवारी जांभूळ गावाला गेले होते. तिथल्या मंडळाने कबड्डीचे सामने ठेवले होते आणि आमच्या प्रवीणचा सत्कार होता... प्रवीण म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा.

उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या आमच्या मागच्या खोलीत वाढला तो. मातीतून मॅटवर गेला, लीगमध्ये खेळला. टीव्हीवर तो चढाईला निघाला की गल्लीतले सिंधी दुकानदारही गिऱ्हाईक सोडून बघत उभे राहायचे.

मग एका सामन्यात, समोरच्यांच्या हद्दीत असतानाच गुडघा फिरला. कोणी धरलं नव्हतं की ढकललं नव्हतं... स्ट्रेचरवरून बाहेर आणला. ऑपरेशन झालं, चालायला लागला, पण डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं. आता अंबरनाथला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो.

मला नेहमी म्हणायचा, "मावशी, मला कोणी बादसुद्धा केलं नाही गं. चढाई अर्धीच राहिली." हत्ती गेला नि शेपूट राहिलं, तशातली गत.

शाल-श्रीफळ झालं. माईक हातात आल्यावर म्हणाला, भाषण काही येत नाही मला, एक चढाई करू द्या. टाळ्या पडल्या... आणि माझ्या शेजारी त्याची बायको स्वाती पांढरीफटक.

"मावशी, अडवा ना त्यांना. जिना उतरताना कठडा सोडत नाहीत ते."

हाक मारायला मी तोंड उघडलंही. पण त्याचा चेहरा बघून जीभ उचलेना.

त्याने मधल्या रेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेला. आणि समोरची पोरं चक्क मागे सरकली... मानाने हो. दादांना धरायचं कसं? एकाने तर शिवून घ्यायला हात पुढे केला. गुण अगदी ताटात वाढून ठेवलेला.

चढाईत कबड्डीखेरीज शब्द काढला की दम तुटतो, म्हणून त्याला काही सांगताही येईना. नुसता कबड्डी, कबड्डी करत पार कोपऱ्यात गेला आणि तिथल्या पोरासमोर उभा राहिला. कोणालाही न शिवता... डोळ्यांत डोळे घालून.

आणि त्या पोराला कळलं.

कोपऱ्यावरचा खेळाडू पायच धरतो, तीच त्याची विद्या. याने पाय सोडून कमरेला मिठी घातली... मग बाकीचे तुटून पडले. प्रवीणने होती नव्हती ती ताकद लावली, रेषेकडे हात ताणला. वीतभर अंतर राहिलं आणि दम संपला. पंचांनी शिट्टी दिली.

स्वाती उठलीच होती, मी तिचा हात धरून ठेवला. पोरं बाजूला झाली आणि हा उठला... स्वतःच्या पायांवर, एक हात वर करून.

"दादा, वजन वाढलंय तुमचं," तो पोरगा म्हणाला.

"तुझ्या वहिनीला विचार," म्हणाला आणि हळूहळू आमच्याकडे आला.

स्वाती खाली वाकली. ओढणीने त्याच्या गुडघ्यावरची माती पुसत राहिली. तो एवढंच म्हणाला, "झालो बाद."

मान द्यायच्या नादात आपण माणसाला किती लांब ठेवतो, नाही...

त्या कोपऱ्यावरच्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं. कोणाच्या ओळखीचा असेल तर त्याला सांगा, प्रवीणच्या मावशीने जेवायला बोलावलंय.