पाठीतलं चमचाभर पाणी

मालतीकाकूंचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. "शोभा, सर गेले गं. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले, ते बसलेच..." मी म्हटलं, येते. फोन ठेवला आणि सुपात राहिलेली ज्वारी निवडून संपवली. अशा वेळी हाताला काहीतरी काम लागतं. त्याला आता दीड महिना झाला. इतके दिवस लिहायला बसायची आणि उठायची, कारण सरांबद्दल लिहायचं म्हणजे माझी एक चूक आधी सांगावी लागणार, आणि चूक कबूल करायला मला अजूनही जिवावर येतं.

सर म्हणजे मालतीकाकूंचे यजमान, डॉ. पाथ्रीकर. परभणीत ते शस्त्रक्रियेआधी भूल द्यायचे. मी पेडगावची, रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेऊन नुकतीच त्याच दवाखान्यात लागलेली. ऐंशीनंतरची ती वर्षं. नामांतरावरून आज बंद, उद्या मोर्चा, एस.टी. निघेल तेव्हा खरी. अशा दिवसांत या माणसाला एक ध्यास लागला होता. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा रस रक्तात किती, हे मोठ्या शहरात मोजत होतेच. पण मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात जे पाणी असतं, त्यात तो किती पोचतो? कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार वाढवणार नव्हतं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर चिडवायचे, "पाथ्रीकर, तुम्ही लोकांना भूल द्या, पाणी भरायला गडी आहेत." सर हसायचे आणि पुढची नळी मागायचे.

पाठीत भूल द्यायची तर सुई कण्यात जातेच, आणि औषध सोडण्याआधी त्यातून हे नितळ पाणी ठिबकतं. सर पहिले काही थेंब वाया जाऊ द्यायचे, मग चमचाभर नळीत धरायचे. नळी मी खिडकीकडे, पांढऱ्या कागदापुढे धरून बघायची. जरा जरी लाल झाक दिसली की ती बाद. यात त्यांनी कधी सूट दिली नाही. चांगल्या नळ्या काकूंच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात जायच्या. उन्हाळ्यात कुल्फी लावायला जागा उरायची नाही, म्हणून काकू करवादायच्या, "पाव्हण्यारावळ्यांना बर्फ म्हणून लोकांच्या पाठी देऊ का?" पुरेशा नळ्या जमल्या आणि रस्ता सुरू असला की मी थर्मासात बर्फ भरून त्या शहरात पाठवायची. मोजायचं यंत्र तिकडं होतं.

लोक मात्र घाबरायचे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो, असं गावोगाव पक्कं बसलेलं. सर प्रत्येकाला विचारून घ्यायचे, तेही त्याच्याच बोलीत. बोरीच्या गयाबाईचं तर मला शब्दन् शब्द आठवतं. ऊसतोडीला गेलेली बाई, भरल्या गाडीवरून पडून पाय मोडून आलेली. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, ऐन चैतात अंगावर गोधडी. एक प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागायचा. घरचे म्हणायचे, हिच्या डोक्यात लय दिसापासून कायतरी झालंय. सरांनी तिच्याकडं बघूनच थायरॉइड ओळखला. रक्ताचा नमुना पाठवला, थायरॉइडची बारीकशी गोळी सुरू केली, पण पायाची शस्त्रक्रिया थांबण्यासारखी नव्हती.

"डाक्टर, पाठीतलं पानी काढल्यावर मानूस लुळं पडतंय म्हन्त्यात. खरं हाय का?"

"न्हाई पडत, मावशी. सुई तर घालायचीच हाय. जे थेंब गळत्यात त्यातले थोडे मला पायजेत. तुमी नको म्हनलात तरी आपरेशन हुनारच."

गयाबाईनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "न्या की. नाहीतरी सांडायलंयच."

थायरॉइड मंदावलेला असा रुग्ण सरांना तोवर मिळाला नव्हता. ते दोन वर्षं या एका नळीची वाट बघत होते. आणि नेमकी तिच्या वेळी सुई टोचताना बारीकशी रक्तवाहिनी दुखावली. सर औषध सोडण्यात गुंतलेले, आणि माझ्या हातात नळी आली ती गुलाबी. ती बाद करायला माझं मन घेईना. नळी तशीच यंत्रात घालून गरगर फिरवली. आमच्या कामात हेच शिकवलेलं, लाल खाली बसतं आणि वर नितळ राहतं. तशी ती झालीही. वरचं पाणी दुसऱ्या नळीत काढलं, नाव घातलं आणि फ्रीजमध्ये ठेवून दिलं. सरांना वाटलं, नळी चांगली निघाली.

तीन आठवड्यांनी आकडे आले. गयाबाईच्या रक्तात तो रस अगदी कमी, आणि पाठीच्या पाण्यात मात्र धडधाकट माणसाइतका. सरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. म्हणाले, "शोभा, रक्तात नसला तरी मेंदू आपला वाटा राखून ठेवतोय म्हणायचा. मग हिचा मंदपणा थायरॉइडचा नसेल. गोळी आहे तेवढीच ठेवू, वाढवायला नको."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रक्तात तो रस घागरीनं असतो आणि त्या पाण्यात चमच्यानं; गयाबाईची घागर अर्धी रिकामी असली तरी चमच्यापेक्षा मोठीच. लाल पेशी खाली बसल्या, पण रक्तातला रस वरच्या नितळ पाण्यातच राहिला होता. समोर वॉर्डात गयाबाई गोधडी घेऊन भिंतीकडं बघत बसलेली. माझ्या एका खोट्या आकड्यापायी ती जन्मभर तशीच बसली असती.

मी सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, "फिरवलीस?" मी मान हलवली. ते उठले, वॉर्डात जाऊन गोळी वाढवायला सांगून आले. मग नोंदवही उघडली. "हे लिहावं लागेल, शोभा." मी बाहेर निघून गेले. ते लिहिताना बघायची हिंमत नव्हती.

नोकरी गेली नाही. सर त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलले नाहीत. त्यांचा निबंध गयाबाईशिवायच छापून आला, म्हणजे जे सांगायचं होतं तेच त्यात नव्हतं. गयाबाई मात्र सहाएक महिन्यांनी स्वतःच्या पायांनी हुरडा घेऊन आली आणि मलाच म्हणाली, "तू लय हळू बोलायलीस गं, पोरी." पुढं सर निवृत्त होईपर्यंत त्यांनीच मला हाताला धरून सगळं शिकवलं. पण त्या वहीत माझ्याबद्दल काय लिहिलंय, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

परवा काकूंना भेटायला गेले. फ्रीज नवा आहे, बर्फाचा कप्पा अजून रिकामाच ठेवतात. म्हणाल्या, सवय. मग कपाटातून ती वही काढून दिली, "तुझ्याशिवाय कुणाला कळणार हे?" पान सापडायला वेळ लागला नाही. गयाबाई, बोरी. पुढं आकडा, त्यावर पट्टीनं ओढलेली सरळ रेघ. शेजारी सरांचं बारीक अक्षर: 'बाद. सुई टोचताना माझ्या हातून रक्त आले. गोळी वाढवली. शोभाने वेळेवर सांगितले.'

"काय लिहिलंय गं?" काकूंनी विचारलं. मी वही त्यांच्याच हातात दिली. मला वाचून दाखवता आलं नसतं.