काळ्या कापडाखाली रिकामा खोका

विलास गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. गेमिंग कन्सोल विकणाऱ्या एका कंपनीच्या मार्केटिंगवाल्याचा फोन आला. "मॅडम, विलासजींचं ऐकून फार वाईट वाटलं," तो म्हणाला, आणि त्याच दमात, "त्यांच्या शोचं जुनं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? नवा कन्सोल येतोय, लाँचला ट्रिब्यूट म्हणून लावू. लोक इमोशनल होतील." मी "बघते" म्हणाले. इव्हेंटच्या धंद्यात जिभेला लागलेली सवय. फोन ठेवल्यावर उमगलं, माझा मित्र मेला आहे आणि मी त्याच्या मरणाची ऑर्डर घेतली आहे. किळस आली... त्या माणसाची आणि माझीही.

विलास बदलापूर गावातला, उल्हासनगरच्या कॉलेजात माझ्या वर्गात. पुढे अंबरनाथ एमआयडीसीत प्रेस मशीनवर लागला. त्या धडधडाटात दिवसभर ओरडून बोलायचं, त्यामुळे त्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा. गेमचं वेड मात्र शाळेपासूनचं; एका सिंधी काकांच्या दुकानात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बोलीवर खेळायचा. मी कन्सोलच्या लाँचची कामं घेऊ लागले तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्यालाच निवेदनाला बोलवायचे. कंपन्यांची रीत ठरलेली. आधी काही महिने नुसती सावली दाखवायची, मग एक कोपरा, मग तारीख. त्या दिवशी दुकानात काळं कापड टाकलेला खोका, विलासची दहापासून उलटी मोजणी, आणि कापड ओढलं की किंकाळ्या. पहिल्याच शोनंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ज्योते, आत काहीच नाही गं. नुसता खोका आहे."

"लांबून कोणाला दिसतंय?" मी म्हणाले.

तो पुढच्या शोलाही आला. पडद्यामागे माल छतापर्यंत रचलेला असायचा आणि माईकवर तो सांगायचा, "शेवटचे काही नग!" ते वाक्य मीच लिहून द्यायचे.

मग उल्हासनगरच्या एका मोठ्या दुकानातला तो शो. विलासच्या हातात कंट्रोलर दिला होता. स्क्रीनवर जो गेम चालला होता तो पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ होता. विलासने नुसते अंगठे हलवायचे होते. बुकिंगसाठी रांग लागली होती. रांगेतली एक दहा-बारा वर्षांची मुलगी वडिलांचा हात सोडून पुढे आली. "काका, मला एकदा द्या ना." मी लांबून मान हलवून नको म्हटलं. विलासने माझ्याकडे पाहिलं आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. तिने सगळी बटणं दाबून पाहिली. स्क्रीनवरचा हिरो आपला धावतच होता. "काका, हा माझं ऐकत नाही."

लोक हसले. विलास हसला नाही. माईक तोंडाजवळ धरून म्हणाला, "बाळा, तो माझंपण ऐकत नाही. हे रेकॉर्डिंग आहे. खरा गेम अजून तयारच झालेला नाही. बुकिंग करायचं असेल तर हे माहीत असू द्या..." पुढचं त्याला माईकशिवायच बोलावं लागलं. तरी ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. मुलीचे वडील तिला घेऊन निघाले, त्यांच्यामागे आणखी काही जण.

त्यानंतर मी त्याला काम दिलं नाही. कंपनीने नको म्हटलं, आणि मला तेवढं निमित्त पुरलं. फोनही केला नाही. मग एका संध्याकाळी शिफ्टवरून घरी आल्यावर त्याला हार्ट अटॅक आला.

फोन करणाऱ्या त्या कंपनीला मी व्हिडिओ दिला नाही. त्यांचं काही अडलं नाही. दुसऱ्याच कोणाचा तरी फोटो लावला म्हणे. उल्हासनगरच्या त्या शोचं रेकॉर्डिंग घेऊन मी बदलापूरला विलासच्या बायकोकडे, सुनीतावहिनींकडे गेले. बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली त्याचा जुना, स्वतः दुरुस्त केलेला कन्सोल होता. शेजारच्या दोन बायका त्यावर गाडी पळवत खिदळत होत्या. "हे असताना दार उघडंच असायचं," वहिनी म्हणाल्या. "मीही लावत नाही."

आत बसून त्यांनी मोबाईलवर अख्खं रेकॉर्डिंग पाहिलं. विलासचा आवाज एकदम लांबचा झाला तिथे त्यांनी ते थांबवलं.

"इथे काय झालं?"

"माईक बंद केला... मी."

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "मला तर म्हणाले होते, ऐन वेळी दुकानातली लाईट गेली."