औषध कंपनीचा सभासद

माझ्याकडं एका कंपनीचे शेअर आहेत. किती ते विचारू नका, ऐकून तुम्ही मला चहासुद्धा पाजणार नाही. पण विट्याच्या अलीकडच्या आमच्या गावात मला अजून ‘चेअरमन’ म्हणतात, आणि ही पदवी मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलीय.

त्याचं असं झालं. मी फौजेतनं रिटायर होऊन घरी आलो आणि त्याच साली वहिनींचं दुखणं निघालं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमची आई लवकर गेली. मला शाळेत धाडण्यापासून लग्न लावून देईपर्यंत सगळं वहिनींनीच केलं. सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, कॅन्सर आहे, ऑपरेशन करून घ्या, उशीर नको. वहिनी म्हणाल्या, “मला न्हाई कापून घ्यायचं.” संपला विषय. दादा त्यांच्यापुढं उभ्या जन्मात कधी बोलला नव्हता, तो आता काय बोलणार?

मग मी पुढं सरसावलो. माझा एक वर्गमित्र दक्षिणेत गलाईचं दुकान चालवतो, जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. तो फोनवर म्हणाला, “कॅन्सरचं औषध काढणारी एक बारकी कंपनी हाय गड्या. शेअर लय स्वस्तात मिळतोय.” त्याला चार पैसे करायचे होते. माझ्या डोक्यात मात्र भलताच उजेड पडला. आमच्याकडं शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. शेअर घेतला की सभासद. सभासदाचा ऊस आधी तुटतो, दिवाळीला सभासदाला साखर स्वस्त मिळते. मग औषध कंपनीचा शेअर घेतला तर औषध आधी कुणाला? सभासदाला! एवढी साधी गोष्ट बाकीच्या जगाला कशी सुचली नाही, याचं मला खरोखर नवल वाटलं. शेअर घेतले आणि वहिनींना जाऊन सांगितलं, “वहिनी, आता काळजी सोडा. औषध येतंय. आपण सभासद हाय.”

“मग कशाला ती कापाकापी?” त्या म्हणाल्या. “औषध आलं की घीन.”

मग काय विचारता! मी कंपनीच्या मागंच लागलो. एखाद्या सोयऱ्याची चौकशी करावी तसा तिचा सगळा इतिहास खणून काढला. मुळात ती कंपनी शर्टाची बटणं करायची. बटणांचा धंदा बसला, कारखाना विकला, उरलं नुसतं शेअर बाजारातलं नाव. ते परदेशातनं परतलेल्या एका शास्त्रज्ञानं आणि त्याच्या मेव्हण्यानं घेतलं आणि नावात ‘बायो’ घातलं. औषधाला नाव नव्हतं, फक्त नंबर होता. उंदरांना गुण आला, शेअर चढला. एका मोठ्या कंपनीनं हात मिळवला, आणखी चढला. तिनं हात सोडवून घेतला, दाणकन आपटला. मेव्हणा भांडून बाहेर पडला, कंपनीनं पुन्हा नाव बदललं. आता म्हणे माणसांवर चाचण्या चालू होत्या.

हे पुराण मी रोज संध्याकाळी डेअरीच्या कट्ट्यावर लावायचो, ‘आमची कंपनी, आमचं औषध’ करत. दूध घालायला आलेली माणसं विचारायची, “काय चेअरमन, उंदरं बरी हायत न्हवं?” मी त्यांनाही गंभीरपणे उत्तर द्यायचो. तिकडं दवाखान्यातनं दादाला फोन यायचे, ऑपरेशनचं काय ठरलं? दादा माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचो, “थोडं थांब. सभा तोंडावर आलीय.”

ती वार्षिक सभा कॉम्प्युटरवर होती. मी बोलणाऱ्यांत नाव दिलं, फेटा बांधला आणि कारखान्याच्या सभेला बसतात तसा बाह्या सारून बसलो. पहिला ठराव वाचला तसा मी ओरडलो, “नामंजूर!” आमच्याकडं सुरुवात अशीच करतात. माझा माईक बंद होता हे नंतर कळलं. माझी पाळी आली तेव्हा मात्र तो चालू होता.

“अध्यक्ष महोदय! औषध सभासदांना आधी देणार का परक्यांना? आमच्या घरात पेशंट थांबलाय. उत्तर द्या!” आणि टेबलावर अशी मूठ आपटली की चहाचा कप उडाला.

अध्यक्ष म्हणजे तोच शास्त्रज्ञ. तोवर इंग्रजीत बोलत होता, पण निघाला मराठी. शांतपणे म्हणाला, “काका, कसला कॅन्सर आहे?”

“कसला म्हंजे? कॅन्सर!”

“हो, पण कुठल्या अवयवाचा?”

अहो, मला ठाऊकच नव्हतं! आमच्याकडं भावजयीच्या दुखण्यात दिरानं खोलात शिरायचं नसतं. दवाखान्यात दादा आत जायचा, मी बाहेर गाडीपाशी थांबायचो. “गाठ हाय,” एवढंच त्यानं सांगितलं. कुठं, ते ना तो बोलला ना मी विचारलं. बटणांपासून मेव्हण्यापर्यंत सगळं तोंडपाठ, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच माहीत नाही. फेट्यासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदर सारखा करून पुढं आल्या आणि स्क्रीनकडं बघून म्हणाल्या, “छातीचा.”

आमच्या घरात पुरुषांदेखत हे कधी कुणी बोललं नव्हतं. शेजारी बसलेल्या दादानं मान खाली घातली.

“ताई, आमचं औषध रक्ताच्या कॅन्सरवर आहे,” अध्यक्ष म्हणाला. “तुम्हाला त्याचा उपयोग नाही. आणि ते बाजारात येईलच असंही मी सांगू शकत नाही. तुमचे डॉक्टर काय म्हणतात?”

“ऑपरेशन करा म्हंत्यात.”

“मग थांबलाय कशासाठी?”

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. आता आपलं नाव निघणार म्हणून मी खुर्ची घट्ट धरून बसलो. पण त्या म्हणाल्या, “भ्या वाटतंय मला.”

तो म्हणाला, “वाटणारच. पण आणखी थांबू नका.” आणि पुढच्या सभासदाचं नाव पुकारलं.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्या बाईनं मला वाढवलं, तिला भीती वाटत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. वहिनींनी सांडलेला चहा पुसला, कप उचलला.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “फेटा सोडा आन् गाडी काढा. सांगलीला जाऊ. आन् ह्या खेपेला भाईर थांबायचं न्हाई. तुमी बी आत यायचं.”